भावी

मिनिआपोलिसमध्ये मिसिसिपीच्या दोन्ही काठांवर जे विद्यापीठ पसरलं आहे, तिथे दर मोसमात एक ‘भावी’ असतो. चेहरा बदलतो, गाव बदलतं, पडलेला दात कधी डावीकडचा असतो तर कधी उजवीकडचा. पण इसम तोच. तो आइस हॉकी खेळतो, कुठल्यातरी व्यावसायिक संघाने त्याला आधीच निवडून ठेवलेलं असतं, आणि फेब्रुवारी लागला की गावाला एकच घोर लागतो: हा कॉलेजात राहतो की प्रो होतो? आम्ही इथली चार मराठी डोकी आपसात त्याला भावी म्हणतो. चौकातल्या फ्लेक्सवर वर्षानुवर्षं हात जोडून उभे असलेले भावी आमदार ज्यांनी पाहिलेत, त्यांना अधिक सांगायला नको.

हॉकी म्हणजे ध्यानचंद आणि फार तर खडकीचा धनराज पिल्लै, एवढ्यावर वाढलेल्यांसाठी थोडं सांगावं लागेल. नॅशनल हॉकी लीगमध्ये 32 संघ. दर उन्हाळ्यात ड्राफ्ट होतो, सात फेऱ्या, 224 मुलं, बहुतेक जेमतेम अठराची. ड्राफ्ट झाला म्हणजे नोकरी लागली असं नव्हे. तो साखरपुडा. मुलगा अमक्या संघाचा, एवढंच ठरतं. लग्नाची तारीख मोकळी. मुलगा कॉलेजात गेला तर सासरची मंडळी चार वर्षं थांबायला तयार असतात. म्हणजे मुलगा नीट जेवतो का, वजन वाढलं का, डावीकडे वळताना अडखळतो का, अशा चौकश्या करत थांबतात. चार वर्षांत सही झाली नाही तर साखरपुडा मोडतो आणि मुलगा मोकळा होतो. कुठल्या तारखेला? 15 ऑगस्टला. हे मी रचलेलं नाही. हार्वर्डच्या जिमी व्हीसीने नॅशव्हिलला असंच चार वर्षं ताटकळत ठेवलं. त्यांनी वैतागून आपले हक्क बफेलोला देऊन टाकले, तर गड्याने बफेलोलाही दाद दिली नाही. 15 ऑगस्ट 2016 ला स्वतंत्र झाला आणि त्याच आठवड्यात न्यूयॉर्क रेंजर्सशी सोयरीक जुळवून मोकळा.

उलट सही केली की कॉलेजचा खेळ संपला. तो रस्ता एकेरी आहे. म्हणून हा सगळा घोळ.

भावी माझ्या वर्गात येतो तो स्टॅटिस्टिक्ससाठी. इथली मुलं कॉलेजात येण्यापूर्वी बऱ्याचदा एक-दोन वर्षं ज्युनियर हॉकीत काढतात, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या मुरुमं फुटलेल्या पोरांमध्ये हा दाढीवाला बाप्या मागच्या बाकावर बसलेला असतो. नम्र इतका की शिक्षकालाच संकोच वाटावा. बर्फावर अर्ध्या सेकंदात तीन बचावपटूंच्या मधली फट हेरून चकती सोडणारा हा मुलगा, परीक्षेत ‘बरोबर की चूक’ असा प्रश्न आला तर दोन्हींवर खूण करतो.

एकदा असाच भेटायला आला, सरावावरून थेट. हातात स्टिक. बोलता बोलता त्याने जुनी टेप सोलून काढली आणि नवी चढवायला घेतली. पात्याच्या टाचेपासून टोकाकडे, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवलेला, एकही सुरकुती नाही. टोकाशी आल्यावर दातांनी टेप तोडली (जे शिल्लक होते त्या दातांनी), अंगठ्याने कड दाबून बसवली, वरून मेणाचा गोळा फिरवला. इतकं निःशंक काम मी आमच्या विभागात कोणाला करताना पाहिलेलं नाही. मग त्याने खिशातून माझ्याच चाचणीचा कागद काढला. त्याच्या पाठकोऱ्या बाजूला मधोमध रेघ. डावीकडे ‘राहणे’, उजवीकडे ‘जाणे’. डावीकडे लिहिलं होतं: मित्र, कोच, आजी, विजेतेपद, पोटऱ्या. उजवीकडे: पैसे, बाबा, पोटऱ्या.

“पोटऱ्या दोन्हीकडे?” मी विचारलं.

“कोच म्हणतात अजून एक वर्ष इथे राहिलो तर भरतील. संघवाले म्हणतात त्यांच्याकडे गेलो तर भरतील.”

मी शिक्षक असल्यामुळे प्रत्येक मुद्द्याला वजन दे, असं सांगितलं. त्याने पोटऱ्यांपुढे वजन लिहिलं. पौंडांत.

या मुलाची खरी अडचण अशी की त्याचा निर्णय सर्वस्वी त्याचा आहे, हे त्याला सांगणारी माणसं फार आहेत. बाप स्वतः ज्युनियरपर्यंत खेळलेला आणि गुडघ्याने दगा दिल्यावर फर्निचरच्या धंद्यात शिरलेला. “निर्णय तुझा,” एवढं म्हणून तो पुढे तासभर बोलतो. आई काहीच बोलत नाही. फक्त पहाटे साडेचारला उणे वीसमध्ये रिंकवर सोडायला जायचे तेव्हाची गोष्ट काढते आणि डोळे पुसते, त्यामुळे तिचं मत राहण्याचं की जाण्याचं हे शेवटपर्यंत कळत नाही. आजीला पदवीदानाचा फोटो हवा आहे. बैठकीच्या भिंतीवर तिने खिळाही ठोकून ठेवला आहे. कोच म्हणतो, “तुझं हित कशात आहे तेवढंच बघ,” पण त्याच्या मागच्या फळ्यावर पुढच्या वर्षीच्या पॉवर प्लेमध्ये याचं नाव ठळक लिहिलेलं असतं. संघाचा माणूस म्हणतो, “अजिबात घाई नाही,” आणि हे सांगायला आठवड्यातून तीनदा फोन करतो.

आणि फॅमिली अॅडव्हायझर. कॉलेजच्या खेळात ‘एजंट’ हा शब्द उच्चारायची वर्षानुवर्षं चोरी, म्हणून ही पदवी निघाली. कुटुंबाचा सल्लागार. कुटुंबाने त्याला सहसा पार्किंगमध्येच पाहिलेलं असतं. तो आज पैसे घेत नाही, केवळ मुलाच्या भल्यासाठी धडपडतो. सही झाली की दुसऱ्या मिनिटाला त्याचा एजंट होतो आणि भल्याची टक्केवारी सुरू होते.

घरचे परवडले, गाव नाही. डिंकीटाउनमध्ये अल्स ब्रेकफास्ट म्हणून बोळाएवढं एक हॉटेल आहे. चौदा स्टुलं, आणि जागेसाठी थांबलेली माणसं खाणाऱ्यांच्या पाठीशी भिंतीला चिकटून उभी. भावी तिथे पॅनकेक खायला बसला की पाठीमागच्या माणसाला दुसरा उद्योगच नसतो. “अजून एक वर्ष काढ, पोरा. खांदे भरू देत.” त्याच्या पलीकडचा म्हणतो, “खांदे काय कॉलेजात भरतात? दोन-चार धडका खाल्ल्याशिवाय?” मग ते दोघे एकमेकांशी भांडतात, आणि भावी दोघांनाही “यस सर” म्हणून सिरप ओतत राहतो.

आमच्यातही एक काका आहेत. निवृत्त इंजिनियर, इथे येऊन चाळीस वर्षं झाली. त्यांचं मत पहिल्यापासून पक्कं: “खेळ कुठे पळून जातोय? आधी डिग्री पदरात पाडून घे म्हणावं.” मी सांगितलं, काका, 2022 च्या ड्राफ्टमधल्या मुलाला पहिल्या करारात वर्षाला साडेनऊ लाख डॉलरपर्यंत मिळू शकतात, कामगिरीचे बोनस वेगळे. काकांनी मनातल्या मनात रुपये केले. चाळीस वर्षांनंतरही ते रुपये करतात. आकडा पावणेआठ-आठ कोटींवर जाऊन थांबला तसे ते चहा घ्यायचे थांबले. “डिग्री काय,” ते म्हणाले, “पन्नाशीतसुद्धा घेता येते.” मग मी पुढचं सांगितलं, की संघाने खाली अमेरिकन हॉकी लीगमध्ये पाठवलं तर त्याच करारात पगार एक दशांशाच्याही खाली येतो, आमच्या मिनेसोटा वाइल्डचा खालचा संघ आयोवात डिमॉइनला आहे, हंगामाचे 72 सामने आणि बसचा प्रवास. काकांनी कप खाली ठेवला. “मग आधी डिग्रीच.” एका चहात ते दोनदा फिरले, आणि भावीला निर्णय घेता येत नाही म्हणून त्याला नावं ठेवत घरी गेले.

इतिहासाने तरी वाट दाखवावी, तर त्याचंही धड नाही. कॉलेज हॉकीतल्या सर्वोत्तम खेळाडूला दर वर्षी होबी बेकर पुरस्कार मिळतो. 1981 चा पहिला मानकरी याच विद्यापीठाचा, नील ब्रॉटन. ज्या बेकरच्या नावाने हा पुरस्कार देतात तो प्रिन्स्टनचा. सभ्य माणसाने पैशासाठी खेळू नये अशा विचाराचा. 1914 ला पदवी घेतली, बँकेत नोकरी धरली, जन्मभर हौशीच राहिला आणि 1918 च्या डिसेंबरात फ्रान्समध्ये विमान कोसळून गेला. त्याच्या नावाचा करंडक घेतलेला मुलगा आता बहुधा त्याच वर्षी प्रो होतो. दुसरीकडे केन ड्रायडन. हा गोलरक्षक कॉर्नेलची पदवी घेऊन आला, मॉन्ट्रियलकडून स्टॅनले कप जिंकले, मध्येच वकिलीची उमेदवारी पुरी करण्यासाठी 1973-74 चा अख्खा हंगाम बाहेर बसला, परत येऊन पुन्हा कप जिंकले आणि नंतर कॅनडात मंत्री झाला. ड्रायडनचं नाव भावीसमोर काढू नये. आजी काढते.

इथल्या लोकांच्या मनात मात्र ताजी जखम 2023 ची आहे. आमचं मिनेसोटा विद्यापीठ त्या एप्रिलात कॉलेज हॉकीचा अंतिम सामना जिंकता जिंकता क्विनिपिआककडून 3-2 ने हरलं, तेही जादा वेळेच्या दहाव्या सेकंदाला. लोक बसायच्या आत संपलं. मॅथ्यू नाइझ आदल्या वर्षी टोरंटोला थांबवून मुद्दाम परत आला होता, तो लगोलग सही करून गेला. उरला लोगन कूली. त्याने जाहीर केलं, मी राहतो. गावाने सुटकेचा निःश्वास टाकला, तिकिटं काढली. त्याच उन्हाळ्यात, जुलै संपता संपता, त्याने अॅरिझोनाशी करार केला. जायला हरकत नाही, पण गेला कुठे ते बघा: अॅरिझोनाच्या संघाकडे तेव्हा स्वतःचं मैदान नव्हतं, ते टेम्पी इथल्या विद्यापीठाच्या रिंकमध्ये खेळत होते, पाच हजार खुर्च्याही नसलेल्या. आमच्या मरियुची अरीनात दहा हजार माणसं बसतात. म्हणजे गडी कॉलेज सोडून प्रो झाला तो निम्म्या आकाराच्या कॉलेजात खेळायला. पुढच्याच वर्षी तो संघही बिऱ्हाड उचलून सॉल्ट लेक सिटीला गेला. अल्समधल्या रांगेत या विषयावर अजून एकमत नाही.

पूर्वी निदान मांडणी सोपी होती: सरस्वती इकडे, लक्ष्मी तिकडे. 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर नि चेहऱ्यावर कमाई करायची मुभा मिळाली, आणि लक्ष्मी इकडेही येऊन बसली. 2025 च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या युकॉनचा गॅविन मॅकेना पेन स्टेटला आला, तेव्हा त्याला सात लाख डॉलरच्या आसपास मिळणार अशा बातम्या होत्या. आमच्या भावीला तेवढं कुठलं? त्याला एका ट्रक विकणाऱ्याने हंगामापुरता पिकअप दिला होता आणि बदल्यात दारावर त्याचंच तोंड छापलं होतं. गावात तो कुठे कुठे थांबतो हे त्यामुळे सगळ्यांना कळायचं. एका शनिवारी ट्रक विमानतळाकडे जाताना दिसला आणि संध्याकाळपर्यंत तो टोरंटोला पोचल्याची बातमी होती. प्रत्यक्षात मावशीला आणायला गेला होता.

माझा मात्र वेगळाच संशय आहे. हा मुलगा निर्णय घेऊ शकत नाही असं नाही; त्याला तो घ्यायचा नाही. भावी असण्यासारखी सुखाची नोकरी दुसरी नाही. जोवर ठरलेलं नाही तोवर कोच प्रेमाने बोलतो, संघ प्रेमाने बोलतो, आजी पाय (pie) बनवून पाठवते. एकदा राहतो म्हटलं की तो दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी, ज्याचा गृहपाठ थकला आहे. एकदा जातो म्हटलं की तो डिमॉइनच्या बसमधला एक नवखा, ज्याला मागची सीट मिळते आणि म्हाताऱ्या खेळाडूंच्या बॅगा उचलाव्या लागतात. अधल्यामधल्या चार महिन्यांत तो दोन्ही ठिकाणचा राजा असतो. मी असतो तर चार वर्षं तशीच काढली असती.

या वर्षीच्या भावीने मार्चअखेर एका रविवारी निर्णय जाहीर केला. निवेदन नेहमीचं: देव, कुटुंब, सहखेळाडू, जन्मभराचं स्वप्न, गावाचं ऋण. खाली पंधराशे लोकांनी रडतानाचे चेहरे टाकले. सोमवारी सकाळी मला ईमेल. विमानतळावरून लिहिलेला, म्हणून शुद्धलेखन माफ करावं, अशी सुरुवात. मे महिन्यातल्या परीक्षेच्या दिवशी सामना असण्याची शक्यता आहे, तर पेपर हॉटेलच्या खोलीतून देता येईल का? आणि पास व्हायला नक्की किती लागतात? मी हिशेब करून कळवलं: शेवटच्या पेपरात 62. त्याने उलट टपाली विचारलं, सर, 62 मिळण्याची शक्यता किती आहे? वर्षभरात त्याने विचारलेला हा पहिला स्टॅटिस्टिक्सचा प्रश्न.

त्याला 64 मिळाले. काकांना सांगितलं तेव्हा ते आमच्या एका कार्यक्रमाच्या उरलेल्या खुर्च्या मोजत होते. “पास झाला?” मोजणं सोडून ते माझ्याकडे वळले. “मग दोनच तर वर्षं उरली होती!” आणि लगेच, आवाज खाली आणून, “सही किती डॉलरवर झाली?”