हो म्हणणाऱ्यांचा मुलूख

सुवार्तिकाला सेमिनरीत सगळं शिकवतात. प्रवचनाचे तीन मुद्दे कसे पाडायचे, कुणी वाद घातला तर कोणत्या वचनाने त्याला गप्प करायचं, दगड आले तर पौलाने काय केलं होतं. विरोधकाची तर इतकी तयारी करून घेतात, की पाथर्डी-शेवगावकडे नेमणूक झाली तेव्हा मी मनातल्या मनात एक-दोनदा जखमीसुद्धा होऊन आलो होतो. गेलो, तर विरोधक नाहीच. सगळा मुलूख "हो" म्हणणाऱ्यांचा.

"देव एकच आहे," मी पारावर सुरुवात करायचो.

"एकच!" सगळा पार.

"तो प्रेमस्वरूप आहे."

"मी तरी दुसरं काय म्हंतो मास्तर?"

"त्याने आपल्यासाठी प्राण दिला."

"लई मोठा माणूस. च्या घ्या."

झालं. तीनही मुद्दे पाच मिनिटांत मंजूर. उरलेल्या वेळात माझा पगार, माझ्या सासुरवाडीचं गाव आणि मला मुलगा का नाही, या विषयांवर चर्चा. निघताना कुणी मंडळीचं कॅलेंडर मागून घ्यायचं. पुढच्या फेरीला त्यातला येशू देव्हाऱ्यात खंडोबा आणि साईबाबांच्या मधोमध, कपाळाला बुक्का लावून उभा. मी काही बोलायच्या आत घरची म्हातारी म्हणायची, "तुमचा देव बरा हाय हां. काही मागत नाही." यावर उत्तर सेमिनरीत शिकवलेलं नव्हतं.

म्हाताऱ्यांना आणखी एक आशा असायची. "मिशनचा माणूस" म्हटला की त्याच्याकडे औषध असणारच. मिरजेला डॉक्टर वानलेस यांनी 1894 साली दवाखाना उघडला, जामखेडला 1970मध्ये आरोळे पतिपत्नींनी काम सुरू करून खेड्यातल्या बायकांनाच आरोग्यसेविका केलं. त्या सगळ्यांच्या पुण्याईचा हिशेब माझ्या झोळीत शोधला जायचा. झोळीत शुभवर्तमानं. "गोळी नाही व्हय?" असं म्हणून म्हातारी ज्या नजरेने बघायची, त्या नजरेपुढे दगड परवडले असते.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले तेव्हा त्यांना कडाडून विरोध झाला, पण तो कंपनी सरकारचा. परत जा म्हणून हुकूम निघाले. रयतेने काय म्हटलं असेल, हे मी आता छातीठोकपणे सांगू शकतो: "बरोबर आहे साहेब." हॉल पुढे 1826मध्ये दौऱ्यावर असतानाच पटकीने गेले. तेरा वर्षं "बरोबर आहे" ऐकणं म्हणजे काय, ते मला विचारा.

मला खरा विरोधक एकदाच भेटला. मेंढरं घेऊन आलेला धनगर, शेतात वाडा बसवलेला. म्हटलं, याला हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगावा, याच्याच धंद्यातला आहे. शंभर मेंढरं, एक हरवलं, मेंढपाळ नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकाच्या शोधात निघाला...

"थांबा," म्हातारा म्हणाला. "नव्व्याण्णव कुणावर टाकली?"

मी म्हटलं, "रानात."

"रानात! आन् लांडगा आला म्हंजे?"

मी लूकचा पंधरावा अध्याय मनातल्या मनात वरपासून खालपर्यंत चाळला. लांडग्याची सोय नाही.

"कुत्रं तरी व्हतं का?"

कुत्र्याचाही उल्लेख नाही.

म्हातारा बराच वेळ अस्वस्थ होता. शेवटी त्यानेच तोड काढली. "त्याचा भाऊ असंल वाड्यावर. एकटा माणूस शंभर मेंढरं राखतच नाही. लिवणाऱ्याला धंदा ठावा नसंल." मग माझ्याकडे वळून, "पर गेला ते बराबर केलं. एक गेलं की बाकीची चरत न्हाईत." हे स्पष्टीकरण मला आजवर एकाही भाष्यग्रंथात मिळालेलं नाही. पुढे मी दाखला सांगताना भावाला वाड्यावर बसवूनच मेंढपाळाला पाठवत असे. आमच्या पाळकसाहेबांनी भुवया उंचावल्या, पण धनगरांच्या बाजूने तक्रार आली नाही.

प्रवचन लांबलं की जांभया, आणि तीच माणसं कीर्तनाला रात्रभर ताठ बसलेली. हे फादर स्टीफन्सना कळलं होतं. जन्माने इंग्रज, पण 1616 साली 'क्रिस्तपुराण' छापलं ते दहा हजारांवर ओव्यांचं. नारायण वामन टिळकांनी टाळ-चिपळ्यांसकट कीर्तनच हाती घेतलं. आम्ही मात्र त्यांच्याच नगरात राहून "प्रियांनो," अशी सुरुवात करतो, आणि प्रिय मंडळी चपला शोधू लागतात.

टिळक आणखी एका बाबतीत नशीबवान. त्यांना विरोधक घरातच मिळाला. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंनी "बरोबर आहे" म्हटलं नाही. रडल्या, भांडल्या, दूर राहिल्या, आणि स्वतःचा निर्णय स्वतः करून 1900मध्ये आल्या. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुढे त्यांनीच पूर्ण केलं. माझ्या पारावरच्या होकारवाल्यांपैकी एकानेही कॅलेंडर उलटण्यापलीकडे काही पूर्ण केल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा तुमच्या दारात कुणी सुवार्तिक आला, मग तो कुठल्याही धर्माचा, पंथाचा किंवा विमा कंपनीचा असो, तर चहा जरूर द्या. साखर कमी, कारण अशा चहांवरच आमच्यातले निम्मे मधुमेही झालेत. पण माना डोलवू नका. माणूस एवढ्या उन्हातून आलेला असतो. त्याच्याशी जरा भांडा.