टॉवरातले अण्णा

मुंबईत चाळ पडून टॉवर उभा राहिला, की त्यात एक तरी अण्णा राहायला येतातच. वरळीच्या बीडीडी चाळीचंच घ्या. 1920 च्या दशकात सरकारने बांधलेल्या त्या चाळींत खोली 160 चौरस फुटांची. ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 घरांच्या चाव्या मिळाल्या, घर 500 फुटांचं. चावी घेताना अण्णांनी फोटो काढून घेतला, झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठवला आणि दुसऱ्या दिवसापासून तोंडावर सुतक आणलं.

त्यांना झोप लागत नाही. शेजारचं भांडण नाही, खोकला नाही. माणसाने झोपायचं कशाच्या भरवशावर? दोन बेडरूम सोडून ते हॉलमध्ये दाराशी पथारी टाकतात. नळ केव्हाही सोडला तरी पाणी येतं, पण अण्णा पहाटे उठून पिंप भरणारच. स्वतःच्या घरातल्या संडासाचं दार आधी ठोठावतात, "कोण आहे?" आतून कोणी ओरडलं नाही, की हिरमुसतात.

चाळीतला पॅसेज गेला, हे खरं दुःख. लिफ्टमध्ये गप्पांना रंग चढेपर्यंत समोरच्याचा मजला येतो. मग अण्णांना रेफ्यूज एरियाचा शोध लागला. आग लागली तर माणसांनी जमावं म्हणून मोकळी सोडलेली ती जागा. अण्णांचं म्हणणं, आगीची वाट कशाला बघायची? लगेच कॅरम आला, चार टाळकी जमली. वॉचमनने हाकललं, तर त्यालाच बसवून त्याचं गाव विचारलं.

"काय दिवस होते ते!" असा उसासा अण्णांनी टाकला, की आतून काकूंचा आवाज येतो, "तुमच्या वाट्याला पॅसेज होता. माझ्या वाट्याला मोरी होती." काकूंनी महिन्याभरात चाळीचं नाव काढलेलं नाही. त्या न्हाणीघराला आतून कडी लावून सावकाश, गाणं म्हणत अंघोळ करतात. चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांत पुरुषच जास्त का, याचं उत्तर मला त्या कडीत दिसतं.

तुमच्या मजल्यावर असे अण्णा आले असतील, तर संध्याकाळी त्यांना तासभर चहाला बोलवत जा. काकूंना तेवढंच घर मोकळं मिळेल.