लॅमिनेशनकाका

प्रत्येक सोसायटीत असा एक असतोच. आमचे काका सरकारी खात्यातून निवृत्त झाले, पण परिपत्रकांतून नाही झाले. कमिटीवर आल्या आल्या त्यांनी पहिली खरेदी केली ती लॅमिनेशनच्या मशीनची. तेव्हापासून पोरं त्यांना लॅमिनेशनकाका म्हणतात. अर्थात पाठीमागे.

पुणेरी पाट्या उगाच बदनाम आहेत. ती पाटी लिहिणारा निदान एकदा चिडतो आणि मोकळा होतो. काका चिडत नाहीत. ते 'कृपया'ने सुरुवात करतात. एखादी वस्तू अडली की चारचौघं मिस्त्रीला फोन लावतात. काका कागद काढतात.

लिफ्टचंच घ्या. बटणातला दिवा कधीचा गेलाय. दाबलं तरी काही उजळत नाही, टुक नाही की टिंग नाही. आपलं म्हणणं वर पोचलं की नाही, माणसाला कळायचं कसं? मग तो पुन्हा दाबतो, अंगठ्याने दाबतो, शेवटी छत्रीच्या टोकाने दाबतो. यावर काकांची सूचना : 'कृपया बटण एकदाच दाबावे. लिफ्टला समजले आहे.'

खालच्या हॉलमध्ये बारा स्विच एका ओळीत आहेत, आणि छताला पंखे-ट्यूबा हव्या तशा विखुरलेल्या. पंखे ज्या क्रमाने टांगलेत त्याच क्रमाने स्विच बसवले असते, तर शाळेतलं पोरही चुकलं नसतं. पण ते वायरमनला गैरसोयीचं. त्यामुळे बारशाला आलेल्या आजींना जरा वारा द्यावा म्हटलं की पाळण्यावरची ट्यूब विझते. काकांनी स्विचना आकडे दिले आणि जुळणारे आकडे पंख्यांच्या पात्यांवर चिकटवले. पंखा थांबलेला असताना आकडा स्वच्छ दिसतो. पण बंद करायचा पंखा फिरत असतो.

मग सोसायटीची वेबसाइट आली. मेंटेनन्स भरायची. 'सबमिट' आणि 'रीसेट' ही जुळी भावंडं, एकाच रंगात, खेटून उभी. फ्लॅट नंबर 'बी-204' लिहिला तर तिला चालत नाही. मधली रेघ तिला खपत नाही. ती रेघ आपली आपण गाळून घेणं हे संगणकाला एका ओळीचं काम, पण ते माणसावर टाकलंय. चुकलात की अख्खा फॉर्म कोरा होतो आणि लाल अक्षरांत उमटतं : 'चूक झाली आहे.' कोणाची, काय, कुठे, यावर मौन. काकांनी वेबसाइट कशी वापरावी याची अठरा कलमी सूचना गेटवर लावली. पडद्याला लॅमिनेशन करता येत नाही, ही त्यांची खंत आहे.

"लोक वाचत नाहीत हो!" हे त्यांचं पालुपद. खरंय, नाही वाचत. का वाचावं? मतदानयंत्र बघा. त्याच्या रचनेत आपल्या मुंबईच्या आयआयटीतल्या डिझाइन केंद्राचा हात आहे, आणि 2004पासून अख्खा देश लोकसभेला त्यावर मत देतोय. नाव, शेजारी चिन्ह, त्याच ओळीत निळं बटण. दाबलं की लाल दिवा, लांब बीप. अक्षर न ओळखणारी बाई मत देऊन येते आणि बाहेर कोणाला काही विचारत नाही. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "बघा, तिथे शिस्त आहे!"

पण त्यांचा खरा जीव आमच्या प्रवेशदारात. काचेचं दार, दोन्ही बाजूंना अगदी सारखी उभी हँडलं. हँडल दिसलं की हात ओढणारच. आत येताना ते ठीक. बाहेर जाताना दार ढकलायचं असतं, तिथे सगळे थडकतात. डोनाल्ड नॉर्मन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने 1988 साली अशा वस्तूंवर पुस्तक लिहिलं. ज्या बाजूने ढकलायचं तिथे हँडल नको, सपाट पट्टी हवी, इतकं साधं त्याचं म्हणणं. त्याबद्दल जगाने त्याला बक्षीस काय दिलं, तर असल्या दारांना 'नॉर्मन दार' म्हणायला लागले! काकांनी अर्थातच एका बाजूला 'ढकला' लावलं, दुसऱ्या बाजूला 'ओढा'. काच आरपार, त्यामुळे एक सूचना सरळ दिसायची, दुसरी उलटी, आणि माणूस दोन्ही वाचत मध्येच उभा.

पावसाळ्यात आतल्या हँडलचे स्क्रू गंजून ते गळून पडलं. उरली नुसती पट्टी. काय सांगू! दुधाचे क्रेट घेतलेला पोऱ्या खांद्याने दार लोटून सरळ बाहेर. आजोबा काठीसकट बाहेर. सूचना तर हँडलबरोबरच निखळली होती. जवळजवळ महिनाभर त्या दारावर कोणी थडकलं नाही, आणि त्यामुळेच कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

काकांच्या आलं. वार्षिक सभेत त्यांनी विषय घेतला, 'मुख्य दाराची दुरवस्था'. नवं, जाड, स्टेनलेस स्टीलचं हँडल मंजूर झालं, सोबत दोन भाषांत सूचना. विरोधात मी एकटा. दुधाच्या पोऱ्याला मत नाही.

हँडल पुढच्या रविवारी बसणार आहे. बी विंगच्या सभासदांनी शनिवारी रात्री मला गाठावं; स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे आहे.