माझा गेज बदल

इतवारी–छिंदवाडा छोटी गाडी 2015 च्या नोव्हेंबरअखेर बंद होणार, ही बातमी वाचून माझे डोळे पाणावले. "कधी बसलात का हो तिच्यात?" बायकोनं पोह्यांवर तर्री ओतता ओतता विचारलं. जन्म नागपुरात गेला, पण नव्हतो बसलो. फाटकात स्कूटर अडकली की तिच्या नावानं बोटं मात्र नेमानं मोडली होती. तेवढ्या पुण्याईवर मी हळहळायला निघालो.

तयारी जय्यत. कानटोपी, कॅमेरा, सांबारवडीचा डबा, आणि डोक्यात पाठ केलेली माहिती. डब्यात समोरच्याच्या गुडघ्यात गुडघे अडकवून बसल्याबरोबर मी ती सांडायला सुरुवात केली. बंगाल-नागपूर रेल्वेनं टाकलेला हा मार्ग, शंभरी गाठलेला. दोन रुळांत अंतर फक्त अडीच फूट, म्हणजे तीस इंच, म्हणूनच तर सातपुड्याच्या घाटात एवढी आखूड वळणं घेता येतात वगैरे. "लग्नात यांची कंबर तीसच होती," बायको समोरच्या बाईला म्हणाली. रेल्वे गेज बदलायला आत्ता निघाली होती. माझा केव्हाच ब्रॉडगेज झालेला.

सावनेर गेलं, सौंसर गेलं. गाडी इतकी सावकाश, की पोरं उतरून, लघवी उरकून पुन्हा चढत होती. ते बघून मला चेव आला. रामाकोन्याला फलाटावर सीताफळांची टोपली दिसली, आता घाट लागायचा, घाटात सीताफळ खाऊ म्हणून मी कॅमेरा बायकोकडे देऊन उतरलो, मध्य प्रदेशात आहोत याचं भान ठेवून म्हाताऱ्या बाईला ठेवणीतल्या हिंदीत "अम्मा, सीताफल कैसा दिया?" विचारलं, तर ती म्हणाली, "मराठीत बोला नं जी, समजते मले." मग मराठीत घासाघीस करून चार रुपये वाचवले, डोळे उघडलेली निवडून सहा सीताफळं सदऱ्याच्या ओच्यात घेतली आणि वळलो.

गाडी हलली होती.

सुटली म्हणवत नाही. चालत होती, आणि मी धावत होतो, तरी आमच्यातलं अंतर कमी होईना. एक चप्पल खडीत राहिली, दोन सीताफळं गेली, खिडकीखिडकीतून लोक "या काका, या!" म्हणत होते, एक शाळकरी पोरगा दप्तरासकट माझ्या बाजूनं चालत आला, "लवकर चढा नं," म्हणाला आणि स्वतः चढून गेला. शेवटचा डबा आला तेव्हा गार्डनं माझी कॉलर धरली आणि आत ओढलं. "तिकीट?" तिकीट बायकोच्या पर्समध्ये.

आणि मग घाट लागला. ज्यासाठी आलो तो घाट! सागाची रानं, खाली दरी, वळणावर पुढे दिसणारं इंजिन. हे सगळं मला बायकोनं छिंदवाड्याला सांगितलं. मी सगळा वेळ गार्डच्या डब्यात धापा टाकत होतो आणि ओच्यातल्या लगद्यातून बिया वेचत होतो. दारात गेलो तो एकदाच, वाऱ्याला. डबाही तिनं संपवला होता. "घाटात भूक फार लागते हो," म्हणाली.

आता छिंदवाड्याला मोठी गाडी जाते. छोटीचे डबे-इंजिनं बघायची तर मोतीबागेच्या संग्रहालयात. तिथली उभीच असतात, म्हणून मीही चढू शकतो.

बायकोनं वळणावर मागं वळून काढलेला फोटो मात्र बैठकीत लावलाय. उत्तम आलाय. दरी, साग, वाकलेली अख्खी गाडी, आणि शेवटच्या डब्याच्या दारात एक पाय अनवाणी असलेला माणूस.

"हे कोण?" पाहुणे विचारतात.

"गार्ड," मी म्हणतो.

"पार्सल," स्वयंपाकघरातून आवाज येतो.