खडी आपल्या दारी
स्वित्झर्लंडच्या रोझेग खोऱ्यात खासगी मोटारींना बंदी. तिथे 40 मिलिमीटर रुंद टायरांच्या ग्रॅव्हल बाइक घेऊन लोक मुद्दाम खडीची वाट धरतात. ठाण्यातल्या वर्तकनगरकरांना एवढा विमानखर्च कशाला? पाऊस लागला की डांबर वाहून जातं आणि खडी आपणहून दारात येते. मोटारींचं म्हणाल तर घोडबंदर रस्त्यावर त्या हलतच नाहीत, मग धडकेची भीती कसली! उपवन तलावावरून येऊरला चढलात तर मात्र खरंच जंगल आहे, संजय गांधी उद्यानाचं. फक्त रविवारी शुद्ध हवा खायला येणारेही मोटारीतूनच येतात आणि घामाघूम सायकलवाल्याला हॉर्न मारतात. त्यापेक्षा बिबट्या परवडला. तो निदान मुकाट्याने ओव्हरटेक करतो.