गोलरक्षकाची उडी

मनुष्यप्राण्याला जी जी भये जडलेली आहेत त्यांची यादी करावयास बसले, तर साप, अंधार, उंची, सासुरवाडी आणि आयकर खात्याचा लिफाफा ही ठळक नावे कोणासही चटकन सुचतील. परंतु ज्या भयाच्या तंत्राने आपला उभा दिवस चालतो, ज्याच्यापायी आपण नको ते अर्ज करतो, नको ती औषधे गिळतो आणि नको त्या समित्यांवर निवडून येतो, ते भय या यादीत सहसा नोंदले जात नाही. चार लोक पाहत असताना स्वस्थ उभे राहण्याचे ते भय होय. फुटबॉलच्या मैदानावर या भयाला रीतसर जागा नेमून दिलेली आहे आणि त्या जागेवर हातमोजे घातलेला एक इसम कायम हजर ठेवलेला असतो. तेव्हा या विषयाची तपासणी करावयाची तर ती तेथेच करणे सोयीचे.

पेनल्टीचा कायदा १८९१ साली अंमलात आला, आणि तो सुचवणारा विल्यम मॅक्रम हा आयर्लंडातील आर्मा परगण्याच्या मिलफर्ड गावचा गृहस्थ स्वतः गोलरक्षकच होता. आपल्याच जातभाईंच्या गळ्यात असे लोढणे अडकवणारा मनुष्य आपल्याकडे निपजला असता तर त्याचे नाव एखाद्या चौकशी आयोगाला दिले गेले असते. त्या काळच्या इंग्रज हौशी खेळाडूंना हा कायदा मोठा अपमानास्पद वाटला. सभ्य गृहस्थ दुसऱ्या सभ्य गृहस्थाला मुद्दाम आडवा पाडील ही कल्पनाच त्यांच्या कुलशीलाला मानवेना. कोरिंथियन नावाच्या त्यांच्या नामांकित संघाविषयी तर असे सांगतात की, आपल्याविरुद्ध पेनल्टी दिली गेली की त्यांचा गोलरक्षक एका खांबाला टेकून बाजूला उभा राही आणि प्रतिपक्षाला रिकाम्या गोलात चेंडू मारू देई. काहीही न करण्यातली ही ऐट तेव्हाही खानदानी माणसांनाच परवडत होती. पोटापाण्यासाठी खेळणारे तेव्हाही उडीच मारीत.

उडी तरी कशी मारावयाची? गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच. चेंडू ठेवलेला १२ यार्डांवर. जोरदार लाथाडलेला चेंडू रेषेपर्यंत यावयास लागतो सुमारे अर्धा सेकंद. चेंडू कोणीकडे चालला आहे हे नीट पाहून मग हलावे म्हटले तर तोवर प्रेक्षकांचे ओरडून झालेले असते. म्हणून गोलरक्षक आधीच मनाशी एक बाजू धरतो आणि देवावर हवाला ठेवून अंग झोकून देतो. २००७ साली मायकेल बार-एली या इस्रायली संशोधकाने सहकाऱ्यांसह अव्वल दर्जाच्या सामन्यांतील २८६ पेनल्टींचे दफ्तर तपासले, तेव्हा असे दिसून आले की १०० पैकी सुमारे २९ फटके मधल्या पट्ट्यात येतात, परंतु गोलरक्षक मध्ये उभे राहतात ते १०० पैकी जेमतेम सहा वेळा. आणि जे उभे राहिले त्यांनी तीनातला एक चेंडू अडवला. ज्यांनी डावीउजवीकडे झेप घेतली त्यांना सातआठातला एक अडवता आला. आता सगळेच गोलरक्षक उद्यापासून मध्ये उभे राहू लागले तर फटके मारणारे काही दुधखुळे नाहीत, ते कोपरे गाठतील, हे मलाही कळते. परंतु तो सोन्याचा दिवस उगवेपर्यंत प्रश्न शिल्लक राहतोच की, हे सगळे अनुभवी, पगारदार, उभा जन्म या एका कामात घालवलेले लोक उडी मारतात ती कोणासाठी? संशोधकांचा निष्कर्ष असा की उडी मारणे हा रिवाज आहे. उडी मारून गोल झाला तर ते दैव. उभे राहून गोल झाला तर ती कामातली कसूर.

याचा प्रत्यय घ्यावयाचा असेल तर कोल्हापुरास जावे. तेथे फुटबॉलचा सामना हा पेठेच्या अब्रूचा दावा असतो आणि त्याची सुनावणी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर उघड्यावर चालते. ज्या तालमी एकेकाळी लाल मातीत पैलवान घडवीत, त्यांच्याच नावाने संघ उतरतात: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. खारे शेंगदाणे, झेंडे आणि पंचांच्या सात पिढ्यांचा उद्धार यांच्या संगतीने मी तेथे पाहिलेल्या एका सामन्यात दोन्ही बाजूंना एकेक पेनल्टी मिळाली. पेठांची नावे सांगत नाही, कारण मला कोल्हापुरास पुन्हा जावयाचे आहे. पहिल्या वेळी गोलरक्षक जागचा हलला नाही. चेंडू त्याच्या डाव्या अंगाने सरळ कोपऱ्यात गेला. माझ्या मागच्या पायरीवरचे एक फेटेवाले आजोबा ताडकन उठले आणि म्हणाले, "आरं, हल की लेका! पुतळा बशिवलाय व्हय तितं?" त्यानंतर पुढचा अर्धा तास त्या पोराने चेंडू झेलला काय, लाथाडला काय, त्याला 'पुतळा' याच नावाने पुकारले गेले. दुसऱ्या पेनल्टीच्या वेळी समोरचा गोलरक्षक उजवीकडे असा काही झेपावला की त्याची कोपरे, गुडघे आणि अर्धी जर्सी मातीने माखली. आणि चेंडू मात्र तो ज्या जागी उभा होता नेमक्या त्याच जागेवरून, देवदर्शनाला निघालेल्या म्हातारीच्या चालीने, जाळ्यात गेला. अडवायला त्याला हात उचलण्याचीही गरज पडली नसती. परंतु आजोबांचा चेहरा कौतुकाने फुलला. "ग्येला तर ग्येला," ते शेजाऱ्याला म्हणाले, "पर झेप बघितलीस न्हवं?" गोल दोघांवरही झाला होता. एकाच्या अंगावर माती होती आणि दुसऱ्याच्या अंगावर नव्हती, एवढाच काय तो फरक. आणि पेठेच्या दरबारी मातीइतका सबळ पुरावा नाही.

घरगुती आयुष्यात ही माती अंगाला लावून घेण्याची संधी आपणांस रोज मिळते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या नळांना एका सकाळी पाणी आले नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत दूरध्वनी केला असता तेथील कारकुनाने, अशा प्रसंगी दुर्मिळ असलेल्या सौजन्याने, सांगितले की मुख्य वाहिनीचे काम चालू आहे, संध्याकाळी सहापर्यंत पाणी सोडू. विषय वास्तविक तेथेच निकालात निघाला होता. परंतु आठ वाजता जिन्यात बायकांचा घोळका जमला, साडेआठला तळमजल्यावरच्या निवृत्त गृहस्थांनी "समिती करते काय?" हा सवाल मोठ्याने विचारला, आणि समितीच्या पोटात गोळा उठला. नवाला तातडीची बैठक भरली. तीत टँकर मागवण्याचा, पंपाची मोटार उघडून पाहण्याचा, जुन्या प्लंबरला जबाबदार धरून काढून टाकण्याचा आणि नवा आणण्याचा असे चार ठराव एकमताने मंजूर झाले. नव्या प्लंबरने, आपणही काही कमी नाही हे दाखवण्यासाठी, पार्किंगमधल्या तीन फरशा उखडल्या आणि आतला जुना जोड ठोकून पाहिला. तो ठोकेपर्यंत चांगला होता. टँकर आला तो गल्लीच्या तोंडाशी अडकला. कबूल केल्याप्रमाणे सहाला पाच कमी असताना पाणी आले आणि त्या फुटलेल्या जोडातून थेट पार्किंगमध्ये वाहू लागले. त्या रात्री अध्यक्षांच्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि निवृत्त गृहस्थांनी स्वतः होऊन त्यांना चहा पाजला. खर्चाचा बोजा पुढच्या तिमाहीत सभासदांवर समप्रमाणात बसला. त्याविरुद्ध एकही तक्रार आली नाही.

तापाचे तेच. साधा सर्दीतापाचा विषाणू चार दिवस राहतो आणि आपला आपण जातो. प्रतिजैविकांचा विषाणूंवर काडीइतका परिणाम होत नाही हे शाळेच्या पुस्तकात छापलेले आहे. तरीही जो डॉक्टर नाडी, जीभ, छाती तपासून "विश्रांती घ्या, पेज प्या आणि तीन दिवस थांबा" म्हणतो, त्याच्या दवाखान्यातून बाहेर पडताना रोग्याच्या नातेवाइकांची तोंडे अशी होतात की जणू हातात कोरी पावती पडली. शेजारच्या गल्लीतला दुसरा डॉक्टर पहिल्याच फेरीत एक इंजेक्शन टोचतो, तीन रंगांच्या गोळ्या पुडीत बांधून देतो, आणि चौथ्या दिवशी ताप त्याच्या मुदतीप्रमाणे उतरला की त्याच्या 'हातगुणा'ची कीर्ती नाक्यापर्यंत पोहोचते. मी पहिल्या डॉक्टरचा रोगी आहे. घरातल्या मंडळींच्या मते ही माझी निव्वळ चिक्कू वृत्ती आहे.

फुटबॉलचे धनी लोकही या बाबतीत आमच्या अध्यक्षांहून फारसे पुढे गेलेले नाहीत. युरोपात संघ लागोपाठ चारपाच सामने हरला की व्यवस्थापकाला नारळ देतात. मग संघ सावरतो आणि नव्या माणसाची वाहवा होते. हॉलंडच्या अव्वल साखळीतील अनेक हंगामांचे निकाल लावून पाहणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना असे आढळले की तितकीच वाईट घसरगुंडी होऊनही ज्यांनी जुन्याच व्यवस्थापकाला ठेवले, ते संघदेखील तितकेच सावरले होते. म्हणजे तेथेही पाणी सहालाच येणार होते. आपल्याकडे अपघात घडला की अधिकाऱ्याची बदली, पूल खचला की समिती, परीक्षेचा पेपर फुटला की मंडळाच्या रचनेत फेरबदल. समितीचा अहवाल यावयाच्या आत दुसरा पूल खचतो, पण त्याला काही कोणी समितीची चूक म्हणत नाही. सरकार उजवीकडे झेपावलेले सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेले असते.

या सार्वत्रिक भयाचा व्यापारी उपयोग प्रथम कोणी केला असेल तर तो चेकोस्लोव्हाकियाच्या आंतोनिन पानेंकाने. १९७६ सालच्या जून महिन्यात बेलग्रेड येथे युरोपीय अजिंक्यपदाचा निकाल पेनल्टींवर आला. समोर पश्चिम जर्मनीचा जगज्जेता गोलरक्षक झेप मायर उभा होता, आणि पानेंकाचा फटका गेला की अजिंक्यपद त्याच्या देशाचे होणार होते. तो जोरात धावत आला आणि शेवटच्या क्षणी बुटाच्या टोकाने चेंडू हलकेच वर उचलून मधोमध सोडला. मायर केव्हाच एका बाजूला आडवा झाला होता. पानेंकाचा सगळा हिशेब एवढाच होता की एवढ्या मोठ्या गोलरक्षकाला एवढ्या मोठ्या सभेसमोर स्वस्थ उभे राहण्याची हिंमत होणार नाही. त्या फटक्याला आजही जगभर त्याच्याच नावाने ओळखतात. २००६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात झिदानने तोच प्रयोग बुफॉनवर केला, तेव्हा चेंडू आडव्या दांडीला आपटून आत पडला आणि झिदानची अब्रू बोटभर अंतराने वाचली.

रॉबेर्तो बाजिओची वाचली नाही. १७ जुलै १९९४ रोजी अमेरिकेतील पासाडेना येथे ब्राझीलविरुद्ध इटलीची शेवटची पेनल्टी त्याच्या वाट्याला आली. गोलरक्षक ताफारेल हमखास झेपावतो हे ठाऊक असल्यामुळे मध्येच मारावयाचे आपण ठरवले होते, असे त्याने पुढे आत्मचरित्रात नमूद केले आहे. ताफारेल खरोखरच झेपावला. मधली जागा रिकामी होती. चेंडू दांडीवरून प्रेक्षकांत गेला. त्याच दिवशी बारेसी आणि मासारो या त्याच्या जोडीदारांनीही पेनल्टी दवडल्या होत्या, आणि इटली त्या सामन्यापर्यंत पोहोचली होती तीच मुळी बाद फेऱ्यांत बाजिओने मारलेल्या पाच गोलांमुळे. परंतु लोकांच्या स्मरणात राहिला तो मान खाली घालून उभा असलेला एकटा बाजिओ. चुकीच्या दिशेला उडी मारलेल्या ताफारेलकडे मात्र कोणी खुलासा मागितला नाही. त्याची जर्सी मळलेली होती आणि हातात विश्वचषक होता.

या सर्व पुराव्याचा विचार करता मी अशा निष्कर्षाला आलो आहे की आपल्या नित्याच्या फजित्यांपैकी निम्म्याअधिक फजित्या संकटाने घडवलेल्या नसून संकट पाहावयास जमलेल्या मंडळींनी घडवलेल्या असतात, आणि ज्या दिवशी जिन्यात कोणी उभे नसते त्या दिवशी माणूस बऱ्यापैकी शहाण्यासारखा वागतो.

पुढील महिन्यात आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे, आणि छतावरील पाण्याची टाकी वास्तुशास्त्राप्रमाणे ईशान्येकडे हलवावी की नैर्ऋत्येकडे, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेण्यात आला आहे. टाकी सध्या मधोमध असून तिच्याविषयी कोणाचीही तक्रार नाही. तरी या सदराचे जे वाचक आमचे सभासद असतील त्यांस विनंती की, विषय पुकारला जाताच कोणी तरी 'तूर्त आहे तेथेच राहू द्यावी' अशी सूचना मांडावी, दुसऱ्याने अनुमोदन द्यावे, आणि गणसंख्या पुरी आहे तोवर ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. सभेनंतर बटाटेवडा आहे. तो ठरावाच्या आधी वाटला जाणार नाही याची काळजी मी घेतली आहे.