बाराशे चौदा

बायकोच्या मते मी निवृत्त झालो. माझ्या मते न्हावाशेव्याहून नेसरीला माझी बदली झाली, एवढंच. कस्टम क्लिअरिंगच्या धंद्यात तीस वर्षं गेली, आणि परदेशातून आलेली वैरण जकातीच्या दरपत्रकातल्या कुठल्या शीर्षकात बसवायची हा माझा खास प्रांत. कंटेनर उघडला की नुसत्या वासावरून मी शीर्षक सांगायचो, अशी माझी ख्याती होती. ती पसरवण्याचं कामही मीच बघायचो.

शीर्षक १२१४. त्याची यादी सुरूच होते ‘स्वीड्स’ या शब्दानं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं, तिकडे स्वीडनची माणसं जनावरांपुढे टाकतात की काय! साहेबांना विचारलंही. तो सलगमाच्या जातीचा एक कंद निघाला. पुढे लसूणघास, क्लोव्हर, वाळलं गवत आणि त्यांच्या गोळ्यासुद्धा. भाताचं पिंजर मात्र १२१३ मध्ये, आणि तेही काही संस्कार न केलेलं. मक्याची ताटं २३०८. मळी घालून गोड केलेली वैरण २३०९. गोळी बांधायला मळीसारखं काही चिकट वापरलं तर ते वजनाच्या ३ टक्क्यांपर्यंतच चालतं. तीनच्या वर गेलात की कायद्याच्या लेखी ती गोळीच राहत नाही. या ३ टक्क्यांवर मी अकरा पानांचं टिपण लिहिलं होतं. ते पूर्ण वाचलेला माणूस अजून भेटायचा आहे.

तर गावी आल्यावर चौथ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, “भावजी, रिकामंच बसलाय तर म्हशीला वैरण टाका की.”

मी व्हळीतलं पिंजर उपसलं, निगुतीनं गव्हाणीत मांडलं. म्हशीनं हुंगलं, फुर्र केलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसा एखादा अप्रेझर कमी किमतीच्या बिलाकडे बघतो. वहिनी आल्या. त्यांनी तांब्यातलं गुळाचं पाणी पिंजरावर शिंपडलं आणि हातानं खालीवर केलं. म्हैस तुटून पडली.

“वहिनी,” मी म्हणालो, “तुमच्या एका तांब्यानं माल बाराशे तेरातनं तेवीसशे नऊत गेला.”

“जाऊ दे गेला तर. पोटात गेला न्हवं?”

मी त्यांना सांगू बघितलं, की मुरघासाला मीठ लावलं तरी तो १२१४ मध्येच राहतो, ही शीर्षकं ठरवणाऱ्या ब्रसेल्सवाल्यांचा राग फक्त गोडावर आहे. त्या तोवर शेण काढायला लागल्या होत्या.

आता जरा आडवाटेला जातो; घरात कुणी जाऊ देत नाही. आमच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव गुजर सहा साथीदारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. सगळे सात तलवारींबद्दल बोलतात. मला त्या सात घोड्यांची काळजी. फेब्रुवारीत या माळांवरचं गवत वाळून कोळ होतं. त्या सकाळी घोड्यांपुढे काय पडलं होतं? कडबा? चंदी? की काहीच नाही? इतिहासाच्या एका मास्तरांना मी हे विचारलं. तेव्हापासून ते मला बघून रस्ता बदलतात. पण खुद्द महाराजांना हा प्रश्न क्षुल्लक वाटला नसता. चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना त्यांनी पाठवलेलं पत्र बघा. साठवलेला दाणा आणि वैरण आत्ताच उधळलीत तर ऐन पावसाळ्यात घोडी मरतील, असं त्यात बजावलंय. रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इथवर तपशील! राज्य चालवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे उंदीर होता. माझ्या अकरा पानांत उंदीर सोडा, एक जनावरसुद्धा नव्हतं.

हे ध्यानात आलं तेव्हा मी गोठ्यातच बसलो होतो. समोर मेढीला दादाचा विळा अडकवलेला. माझ्या कॉलेजची फी दुधाच्या बिलातनं गेली. त्या दुधामागचं वाडं दादा कापायचा, लोकांच्या उसातनं, भारा डोक्यावर घेऊन. कापलेल्या हातांवर खोबरेल चोळत रात्री विचारायचा, “अभ्यास झाला का रं?” आणि ते वाडं, ज्याच्यावर मी शिकलो, कुठल्या शीर्षकात बसतं? ऊस १२१२ मध्ये आहे. उसाच्या शेंड्याचं नाव मला आख्ख्या दरपत्रकात मिळालेलं नाही. मिळालं नाही म्हणण्यापेक्षा, तीस वर्षांत मी ते कधी शोधलंच नाही.

दरपत्रकाचा नियम चार असा आहे, की जो माल कुठेच बसत नाही तो ज्याच्याशी सर्वांत मिळताजुळता असेल त्याच्याजवळ बसवावा. हा नियम फारसा कधी लागत नाही. मुंबईत मी गावाकडचा आणि गावात ‘ममईचं पावणं’, अशा मालासाठीच तो केला असावा.

“वहिनी, उद्या वाड्याला मी येतो,” मी म्हणालो आणि मेढीवरचा विळा काढला. मूठ झिजून दादाच्या हाताएवढी झालेली.

त्यांनी काही वेळ नुसतं माझ्या हाताकडे बघितलं. मग पदर तोंडाला लावला; हसायला की कशाला, ते अंधारात कळलं नाही.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “इळा उलटा धरलाय.”